रेटिंग भरण्याआधी

बडोदा, दांडिया बाजार

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, ऑफिसात येणारे राबताना दिसतात, घरून करणाऱ्यांचं काही कळतच नाही." टीमच्या वर्षभराच्या कामाचं रेटिंग यंदा तू भरणार, म्हणून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

नंदेसरीच्या कारखान्यात मी शिफ्टमध्ये होतो. साहेब जनरल शिफ्टचे, म्हणजे फक्त दिवसा येणारे. रात्री तीनला पंप ट्रिप होऊन बंद पडायचा, आम्ही स्टँडबायचा राखीव पंप सुरू करून प्लांट सांभाळायचो आणि सकाळी साहेबांना सगळं सुरळीतच दिसायचं. प्रमोशनच्या यादीत मात्र त्यांच्यासमोर वावरणारे पुढे. मग एक नवे साहेब आले. ते आल्याआल्या शिफ्टचं लॉगबुक उघडत, नोंदीखालची सही बघत आणि त्या माणसाला गाठून विचारत, काय झालं होतं? पगार तेवढाच राहिला, पण कामावर जायला हुरूप आला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी कंपनीत हे मोजलंय. २०१०-११ मध्ये शांघायच्या कॉल सेंटरमधले काही जण नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होते. काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण त्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. दहाएक वर्षांनी त्याच कंपनीत १,६१२ जणांपैकी साधारण निम्म्यांना फक्त दोन दिवस घरून काम दिलं. त्यांच्या बढत्या अडल्या नाहीत आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. अधूनमधून समोर येणारा माणूस साहेबांच्या लक्षात राहतो, मला तरी हेच कारण दिसतं.

ऑफिसात येणाऱ्यांचंही दुखणं खरं आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तेच अडकतात, क्लायंट अचानक आला की तेच धावतात, नव्या पोरांना शिकवणंही त्यांच्याच गळ्यात. हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही. तू ते धर.

आणि अकोल्याचा तो मुलगा, आईच्या डायलिसिससाठी घरी राहिलेला, त्याला आकडा टाकण्याआधी फोन कर. वर्षभरात काय काय केलं ते त्याला निवांत सांगू दे. कॅन्टीनमध्ये चहावर काही ठरलं तर त्याच दिवशी ग्रुपवर टाकायची सवय सगळ्यांना लाव. कमी रेटिंग द्यावंच लागलं, तर कारण मेलवर नको, त्याच्याशी बोलून सांग.

तुझे,
बाबा