ईयोबाचे मित्र कुठे चुकले?

महोदय,

ख्रिस्ती अंत्यविधीच्या उपदेशात ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे बायबलमधल्या ईयोबाचे (संपत्ती, मुले आणि पुढे आरोग्यही गमावलेल्या नीतिमान माणसाचे) वचन हमखास येते आणि उपदेश तिथेच थांबतो. ते ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले आहे. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो; ते मात्र सहसा कुणी वाचत नाही.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर सारे ठीक होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. ‘पाप केल्याशिवाय कुणाच्या वाट्याला असे येत नाही’, हा हिशेब ते चौथ्या अध्यायापासून पंचविसाव्यापर्यंत मांडत राहतात. शेवटी बिल्ददाचे भाषण जेमतेम सहा ओव्यांचे उरते, सोफर तर तिसऱ्यांदा बोलतच नाही. ४२व्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो या तिघांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. दुःखाचे कारण मात्र देव त्यालाही सांगत नाही.

येशूनेही हा हिशेब नाकारला. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती काही इतरांहून अधिक पापी नव्हती (लूक १३). जन्मांधाबद्दलही त्याचे उत्तर तेच: आंधळेपण कुणाच्या पापामुळे नाही (योहान ९).

त्यामुळे आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही. तिथे बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र वाचावे. ते अंधारातच संपते, म्हणून घाईने पुढचे आशेचे वचन जोडू नये. २२वे नंतर वाचता येईल. त्याची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली होती.

– एक वाचक, अहिल्यानगर