नवे कॅमेरे घेण्याआधी दारे, डिस्क आणि रात्रपाळी पाहावी

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय : दिवाळीच्या सुट्टीआधी करायची घरफोडी-प्रतिबंधक कामे आणि १६ नव्या कॅमेऱ्यांचा प्रस्ताव

स.न.वि.वि.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे १६ नवे सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा विषय आहे. कॅमेरे जरूर घ्यावेत, पण त्याहून कितीतरी स्वस्त आणि जास्त उपयोगाची कामे बाकी आहेत. दिवाळीत निम्मी घरे बंद होतील, त्याच्या आत ती उरकावीत अशी आमची विनंती आहे.

‘पुण्यात गुन्हे वाढले’ या बातमीवरून आपल्या गल्लीचा निर्णय करता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा गुन्हेदर लाख लोकसंख्येमागचा आणि अख्ख्या शहराचा असतो. शिवाय ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी तुलना फसवी ठरते. आपल्याला आपल्या पोलीस ठाण्यातील गुन्ह्यांची यादी हवी. ती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रसिद्ध एफआयआर’मध्ये ठाणे व तारखा निवडल्या की मिळते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ म्हणजे घरातील चोरी, ३०४ म्हणजे हिसकावून नेणे (सोनसाखळी, मोबाइल), आणि दुचाकी चोरी बहुधा ३०३(२) खाली असते. घरफोडीला ३३१(३) लावले असेल तर ती दिवसाची, ३३१(४) असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातील. मागील सहा महिन्यांच्या नोंदींतून वेळ, रस्ता आणि आत शिरण्याची पद्धत एवढे तीन रकाने भरले की पैसा कुठे लावायचा ते दिसेल. हा तक्ता आम्ही करून देऊ. लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोखालील गुन्हे या यादीत येत नाहीत, तेव्हा तिच्यावरून महिला व मुलांच्या सुरक्षेचा अंदाज बांधू नये. त्यासाठी ठाण्यात जाऊन बोलावे लागेल.

आता दारांविषयी. ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द पेपरात वारंवार येतात, त्यामागचे कारण साधे आहे. कोयंडा फळीला पाऊण इंची स्क्रूंनी धरलेला असतो. कुलूप कितीही भारी असो, चोर त्याला हात लावत नाही. पट्टीखाली कटावणी घालून जोर दिला की स्क्रू लाकडाचा भुगा घेऊन बाहेर येतात. उपाय म्हणजे कोयंडा आरपार बोल्टवर घेणे : ८ मिमीचे गोल डोक्याचे बोल्ट, डोके बाहेर, आतून रुंद वॉशर आणि नट. त्याहून चांगले म्हणजे लटकते कुलूप काढून दारात बसणारे मॉर्टिस कुलूप लावणे, कारण बाहेरचे कुलूप जिन्यातूनच सांगते की घरी कोणी नाही. नाइट लॅच नुसता ओढून घेतला की फक्त स्प्रिंगची जीभ अडकते आणि फटीतून पातळ पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. म्हणून निघताना किल्ली फिरवून डबल लॉक करायलाच हवे. चौकटीवर कुलपाची जीभ अडकते त्या पट्टीलाही किमान अडीच इंची स्क्रू हवेत, नाहीतर कुलूप टिकते आणि चौकट फाटते.

शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग बंद घर फोडण्याची पद्धतही जुनीच आहे. आवाज ऐकू येतो, पण बाहेर पडता येत नाही. ज्यांच्या दारात आतले कुलूप आहे त्यांनी बाहेरची कडी काढूनच टाकावी. सगळ्या विंगचे काम एकत्र दिले तर सुतार एका रविवारी येऊन दर कमी लावेल. बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या हाताने निघतात आणि डक्टमधला (इमारतीच्या पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतला) ड्रेनेज पाइप तिथपर्यंत शिडीचे काम करतो, म्हणून त्या बाजूला जाळी हवी. मात्र बेडरूमच्या एका तरी ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा. आगीत तीच वाट असते.

कॅमेऱ्यांबाबत मुद्दा चित्रण साठवणाऱ्या डिस्कचा आहे. एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) चालला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. आजच्या ८ कॅमेऱ्यांना ४ टीबीची डिस्क २३ दिवस पुरते. त्याच डिस्कवर २४ कॅमेरे जोडले तर आठवडाभरात चित्रण पुसले जाईल. दहा दिवस गावी गेलेले कुटुंब परत येईल तेव्हा दाखवायला काही उरणार नाही. प्रस्तावात डिस्कचा उल्लेखच नाही, हे आम्हाला फार खटकते.

दुसरे असे की अनोळखी चेहरा ओळखण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. २ मेगापिक्सेलचा, २.८ मिमी लेन्सचा कॅमेरा ते जेमतेम ३ मीटरपर्यंत देतो. गेटवरचा कॅमेरा १२ फूट उंचीवर असल्याने टोप्या आणि हेल्मेटच दिसतात. पादचारी गेट आणि लिफ्टसमोरचे दोन कॅमेरे ७ फुटांवर आणावेत व तोडफोड सोसणारे असावेत. रात्री हेडलाइटमुळे नंबरप्लेट पांढरी होते, तिच्यासाठी जलद शटरचा वेगळा कॅमेरा लागतो. रेकॉर्डरला यूपीएस द्यावा आणि त्याचे घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळवावे. वीस मिनिटांचा फरक पडला तरी समोरच्या दुकानाच्या चित्रणाशी मेळ बसत नाही. स्क्रीनवरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून देऊ नये. मूळ फाइल काढावी आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) द्यावे. हे कोण करणार, त्या सभासदाचे नाव आत्ताच ठरवा.

रात्री एकच रखवालदार असतो. तो गेट उघडायला गेला की मागची भिंत मोकळी. सहा ठिकाणी आरएफआयडी टॅग (रखवालदाराने यंत्र टेकवले की तो तिथे आल्याची वेळ नोंदवणारे) लावून १ ते ४ या वेळात अनियमित अंतराने फेरी घ्यावी. ठरावीक वेळेची फेरी पाळत ठेवणाऱ्यालाच सोयीची पडते. एजन्सीचा परवाना आणि रखवालदाराच्या पोलीस पडताळणीची प्रत फाइलला लावावी. घरकामाच्या बायकांच्या पिशव्या तपासण्याचा सभेच्या सूचनापत्रातील मुद्दा मात्र वगळावा. तो अपमानकारक आहे आणि रात्री पाइपवरून चढणाऱ्या चोराला त्याने अडथळा होत नाही.

घर फोडलेले दिसले तर आत न जाता ११२ ला फोन करावा. कपाट, कडी, फरशी यांना हात लावू नये. ऑनलाइन फिर्याद दिली तर तीन दिवसांत ठाण्यात सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. हा मजकूर प्रत्येक लिफ्टमध्ये लावावा.

सभेत कॅमेऱ्यांच्या ठरावाआधी दारे, डिस्क व रात्रीची फेरी हे तीन विषय घ्यावेत. कोयंडा-बोल्टच्या कामाचे दोन सुतारांचे दरपत्रक सोबत जोडले आहे.

आपले,
बी विंगमधील सभासद