दोन कच्ची शिंगरं एका बग्गीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर लग्नाच्या फोटोंसाठी आणलेली एक बग्गी पाहिली. जोडी देखणी, दोन्ही पांढरी, एका उंचीची. बोलता बोलता डावीकडच्याचा ओठ वर केला, तर मधलेच दोन दात पक्के, बाजूचे अजून दुधाचे. म्हणजे अडीच-तीन वर्षांचं शिंगरू. दुसरंही तसंच. "दोघांना एकदमच जुंपलं, आठ दिवसांत तयार झाले," असं हाकणारा पोरगा कौतुकानं सांगत होता. डाव्याच्या तोंडाचा कोपरा लगामानं सोलवटलेला होता.

मी चाळीस वर्षं टांगा हाकला. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं नेली-आणली. पावसाळ्यात धंदा बंद असे, तेव्हा लोकांच्या बग्ग्यांसाठी जोड्या तयार करून देत असे. म्हणून हे लिहितो.

टांग्याचा घोडा दोन दांड्यांच्या आत असतो, सरकून सरकणार कुठे? जोडीला मधे एकच दांडी. बुजलेलं शिंगरू ढुंगण बाहेर फेकतं, नाहीतर दांडीवर रेलून चालायला शिकतं. ही खोड पुढे जात नाही. लगामाचंही तसंच. हातातला प्रत्येक पट्टा पुढे दुभागतो आणि त्याची एक शाखा शेजारच्या घोड्याच्या तोंडात जाते. एकाला आवरायला ओढलं की शहाण्यासारखा चालणाराही मार खातो.

आम्ही आधी महिनाभर साज चढवून, मागून लांब दोऱ्या धरून नुसतं चालवायचो. मग जुना टायर ओढायला, म्हणजे मागून येणाऱ्या खरखरीची भीती जाते. मग एकटं गाडीला. जोडीत घालायचं ते मुरलेल्या घोड्याशेजारीच. ढवळ्याशेजारी पवळा बांधला की गुण लागतो, हे आपण टोमण्यासारखं म्हणतो. माझी तर सगळी शाळाच त्यावर चालली. माझी म्हातारी घोडी कान मागे पाडून एकदाच बघायची, शिंगरू गार! आठ-पंधरा दिवसांनी बाजू बदलायची, नाहीतर जनावर एकाच अंगाचं होतं. आणि हे सगळं ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय रुततात, नसा दुखावतात.

मीही एकदा घाई केली होती. गणपतीआधी पैशांची निकड होती, दोन कच्ची एकत्र जुंपली. कुणाच्या तरी हातची ताडपत्री वाऱ्यानं फडफडली आणि दोन्ही थेट लाटांत शिरली, आसापर्यंत पाणी. गाडी वाचली. एकाच्या पुढच्या पायाची नस सुजली ती सहा महिने उतरली नाही. शेवटी मिळेल त्या भावानं दिलं.

घोड्याचं तोंड पाच वर्षांनी पूर्ण होतं, पाठीचे मणके पक्के व्हायलाही निदान तेवढा वेळ लागतो. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम देऊ नये, असं ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या 1965 च्या नियमांत आहेच. बग्गीला परवाना देताना पशुवैद्यानं जनावराचे दातही बघावेत, एवढीच विनंती. दोन मिनिटांचं काम आहे.

त्या पोराला मी घरचा पत्ता दिलाय. माझी घोडी आता नाही, पण शेजारच्या वाडीत सोळा वर्षांचा एक घोडा उभा आहे, एकेक करून आण म्हटलं. अजून आलेला नाही.

आपला,
एक जुना टांगेवाला, आक्षी (ता. अलिबाग)