गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही

स्विंडन, इंग्लंड

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढे पैसे घालून तिथं येऊन मी काय करू, खिडकीतून पाऊस बघू?" आणि मागून आईचा आवाज आला, "ह्यांचे गुडघे कुठं साथ देतायत!" फोनवर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. अंगाशी आलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. कागद मात्र तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, म्हणून हे पत्र.

लंडन दाखवीनच. राजाचा वाडा, पूल, घड्याळ, सगळं एका दिवसात बसमधून उरकता येतं. मला तुम्हाला न्यायचंय ते इथल्या खेड्यांतून पायी. आता लगेच सिंहगड डोळ्यांसमोर आणू नका. इथं रविवारी चालायला निघणारी निम्मी मंडळी तुमच्याच वयाची असतात. कानात यंत्र, हातात काठी, पाठीवरच्या पिशवीत चहाचा थर्मास. तीन-चार किलोमीटरला दोन तास लावतात, त्यातला अर्धा तास बाकावर जातो. कुणाला कसली घाई नसते.

बाबा, खरं सांगायचं तर हे सगळं तुमच्या खात्यातलं आहे. महसूल खात्यात सर्कल म्हणून तुमची उभी हयात बांध, पांदण आणि अडवलेले रस्ते यांत गेली. मामलेदार कोर्टाच्या 1906 च्या कायद्याचं नाव आमच्या घरात शुभंकरोतीइतकंच कानावर पडायचं. इथं शेतातून जाणारी पायवाट कायद्यानं सगळ्या जनतेची असते. जमीन शेतकऱ्याची, पीक त्याचं, पण त्या वाटेवरून चालायचा हक्क तुमचा-माझा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर भरतात. त्यांचा अधिकृत नकाशा स्थानिक कौन्सिलकडे असतो आणि त्यावर वाट दाखवलेली असली की ती आहे, हा पुरावा पक्का धरतात. शेतकऱ्यानं नांगरणीत मधली वाट मोडली तर पेरणीच्या हंगामात चौदा दिवसांच्या आत त्यानं ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, रुंदी किमान एक मीटर. बांधाच्या कडेनं जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. आणि लोक वीस वर्षं विनाहरकत एखाद्या वाटेनं जात-येत राहिले, तर मालकानं ती जनतेला दिलीच आहे असं कायदा धरून चालतो. वहिवाटच की ही!

हे काही राजानं खुशीत दिलेलं नाही. 1932 साली मँचेस्टरकडचे कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर, जमीनदारांनी फक्त शिकारीसाठी राखलेल्या माळावर, ठरवून घुसले. पाच जण तुरुंगात गेले. वाटांचे नकाशे करायला लावणारा कायदा आला तो 1949 मध्ये. पंचनाम्याला गेल्यावर दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माझा बाप हे वाचून काय म्हणेल, हे मला तिथं शेतात उभं राहून ऐकायचंय.

मे महिन्यात बार्ली गुडघाभर वाढलेली असते आणि तिच्यातून तिरकी, पावलांनी टणक झालेली मातीची पट्टी थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत गेलेली दिसते. कुंपणाशी खांबावर पिवळा बाण. तिथं एक गमतीचं फाटक असतं: अर्धगोल कठडा आणि त्याच्या आत झुलणारी झडप. आपण आत शिरायचं, झडप मागं लोटायची आणि पुढं निघायचं. माणूस पार होतो, गाय अडकते. काही ठिकाणी फाटकाऐवजी लाकडी पायऱ्या चढून कुंपण ओलांडावं लागतं. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथंच असते, म्हणून तशा वाटा मी यादीतून आधीच काढून टाकल्यात.

पहिली वाट ठरली आहे: बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो. घरापासून गाडीनं तासाभरावर. गाव टेकडीवर आहे, पण तुम्हाला गाडीतून वरच उतरवणार, म्हणजे तो चढ वाचला. तुमच्या जावयांना चालायचा कंटाळा, ते गाडी घेऊन लाँगबरोला जाऊन थांबतील. आपण मेंढ्यांच्या कुरणातून, जुन्या ओक वृक्षांखालून रमतगमत निघायचं. अर्ध्या वाटेवर उजवीकडं झाडांतून एकदम तांब्याचा हिरवट घुमट दिसतो. मुघल घुमट, कोपऱ्यांना छत्र्या, आणि अवतीभवती इंग्लंडचं गवत!

हे सेझिनकोट. चार्ल्स कॉकरेल नावाचा माणूस ईस्ट इंडिया कंपनीत, बंगालमध्ये, गबर झाला आणि 1805 च्या सुमारास त्यानं आपल्या वास्तुविशारद भावाकडून हा वाडा बांधून घेतला. पुढं राजा झालेल्या चौथ्या जॉर्जनं तो पाहिला आणि ब्रायटनच्या समुद्राकाठी स्वतःसाठी त्याहून भपकेबाज महाल उठवला. मला सेझिनकोटच आवडतं. आवडतं म्हणताना थोडा घासही अडकतो, कारण पैसा कुठून आला ते माहीत आहे. बागेतल्या पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी बसलेत आणि वरच्या अंगाला पाण्याशी सूर्याचं छोटं देऊळ आहे. आई, हात जोडायचे की नाही ते तू ठरव. बाग ठरावीक दिवशीच उघडी असते आणि तिला तिकीट आहे, ते मी बघून ठेवीन. पायवाट मात्र वाड्यासमोरच्या कुरणातून जाते आणि तिथून वाडा फुकट दिसतो, हे बाबांसाठी मुद्दाम लिहितेय.

या बागेच्या आखणीत थॉमस डॅनिएल या चित्रकाराचा हात होता. त्याच डॅनिएलनं 1805 मध्ये एक मोठं चित्र रंगवलं, पुण्याच्या पेशवे दरबारातलं: सवाई माधवराव आणि इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, मॅलेट, 1790 चा तह. बाबा, मॅलेट तुम्हाला सांगायला नको. दरबारातली माणसं पाहून रेखाटली होती ती जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकारानं. तो 1795 मध्ये वारला आणि त्याच्या त्या रेखाटनांवरून डॅनिएलनं इकडं बसून चित्र पुरं केलं. ते आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. तेव्हा लंडनच्या दिवशी टेटमध्ये ते भिंतीवर लावलंय का, हे आधी विचारून ठेवते.

दुसरी वाट अप्पर स्लॉटर ते लोअर स्लॉटर. दीड किलोमीटर, सपाट, ओढ्याच्या साथीनं, शेवटी जुन्या गिरणीचं पाणचाक. अप्पर स्लॉटरची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात गावोगाव महायुद्धांत पडलेल्यांच्या नावांचा दगड असतो. या गावातून दोन्ही युद्धांत गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली. फेब्रुवारी 1944 मध्ये गावावर आगबॉम्ब पडले, तेव्हाही जीव कुणाचा गेला नाही. शेजारचं बोर्टन-ऑन-द-वॉटर फार गाजलेलं आहे, पण तिथं महाबळेश्वरच्या बाजारासारखी गर्दी. स्वच्छतागृहापुरतं थांबू आणि पुढं जाऊ.

घराजवळ, अर्ध्या तासावर, एव्हबरी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास उभारलेलं प्रचंड शिळावर्तुळ, जगातलं सगळ्यांत मोठं, आणि त्याच्या पोटात अख्खं गाव वसलेलं. स्टोनहेंजला एरवी दोरीच्या अलीकडून बघावं लागतं. इथं शिळेला पाठ टेकून डबा खाता येतो, शेजारी मेंढ्या चरत असतात. मुरब्ब्याच्या धंद्यातल्या श्रीमंतीचा वारस असलेल्या अलेक्झांडर कीलरनं 1930 च्या दशकात पुरलेल्या शिळा उकरून पुन्हा उभ्या केल्या. एकीखाली मध्ययुगातल्या माणसाचा सांगाडा निघाला, सोबत कात्री आणि नाणी. तो न्हावी असावा असं म्हणतात. वर्तुळाच्या आतच पब आहे. आई, लगेच कपाळाला आठी नको. आज्या, नातवंडं, कुत्री सगळी तिथं जेवायला बसतात, आणि तुला गरम सूप आणि पाव मिळेल.

आईसाठी आणखी एक. खेड्यातली चर्चं दिवसा बहुधा उघडीच असतात आणि आत कुणीही नसतं. फुलं ताजी असतात, कारण गावातल्या बायकांच्या पाळ्या लावलेल्या असतात, नावानिशी कागद दाराशी टांगलेला. कुणाच्या फाटकाशी अंडी नाहीतर जॅमच्या बाटल्या आणि पैसे टाकायला डबा ठेवलेला असतो. तुझ्या साखरेच्या गोळ्या, जेवणाची वेळ, बाक कुठं आहेत, सगळं माझ्या वहीत आहे. बाथरूमची सोय चालायला निघण्याआधी होते, मधे नाही. हे स्पष्टच सांगितलेलं बरं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या तारखा कळवा, म्हणजे तिकिटं काढते. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो. बूट तिथूनच घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि आतापासून घालून सकाळी फिरायला जा, नवे करकरीत आणू नका. बाबा, काठी आणायला लाजू नका. पेढे आणि तूप मात्र पिशवीत भरू नका. दुधाचे पदार्थ इकडं आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. चिवडा चालतो. तो भरपूर कर, आई.

तुमची,
छोटी