दिन्या, तेवीस नंबर ‘बंद’ लिहून गेलेत

लालबाग,
७ डिसेंबर २०२५

प्रिय दिन्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय तेही कामाचंच. शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे.

गेल्या रविवारी बिल्डरची माणसं खोल्या मोजायला आली होती. हल्ली टेप नसते, लेझरचं यंत्र असतं. एका भिंतीला टेकवलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा हजर. एक मोजणारा, एक लिहिणारा, मागे मालकाचा भाडं वसूल करणारा मेहता. तुमच्या तेवीसला कुलूप. लिहिणाऱ्याने भाडेकरूच्या रकान्यात तुझ्या अण्णांचं नाव घातलं, कंसात ‘मयत’, आणि ‘ताबा’ या रकान्यात लाल पेनाने ‘बंद’. किल्ली माझ्या खिशात होती. काढली नाही. म्हादूच्या लग्नात तू म्हणाला होतास ना, ‘आमच्या खोलीत तू लक्ष घालू नकोस’, ते नेमकं तेव्हाच आठवलं. आता म्हणशील, पक्या तसाच खुनशी. असेन. पण तो शब्द वाचून मेहत्याच्या तोंडाला जे पाणी सुटलं ते बघून माझी झोप गेली आहे.

त्याला आनंद का झाला ते नीट समजून घे. आपली चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे ‘अ’ वर्गातली. पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली. त्यात बिल्डरला एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधायचं तो आकडा) मिळतो ३, किंवा भाडेकरूंना द्यायचं क्षेत्र अधिक त्याच्या निम्मं बक्षीस, यातलं जे जास्त असेल ते. खोल्या दाटीवाटीच्या असल्या की दुसरा हिशोब मोठा येतो. मग प्रत्येक भाडेकरू म्हणजे बिल्डरला बोनस, आणि यादीत नसलेली माणसंही अचानक जन्माला येतात. आपल्या चाळीला मागे केवढं अंगण आहे तुला माहीत आहे. (तुझा सिक्सर जाऊन नळाची तोटी तुटली ती तिथेच, आणि मार मी खाल्ला. ३६ वर्षं झाली, अजून कबूल करत नाहीस.) त्या अंगणामुळे आपल्याकडे ३ चाच आकडा मोठा पडतो. एकूण बांधकाम ठरलेलं, त्यातून भाडेकरूंचं वजा जाता उरेल ते विक्रीला. म्हणजे यादीतून एक नाव उडालं की एक सबंध फ्लॅट विक्रीच्या बाजूला सरकला. तेवीस नंबर ‘बंद’ म्हणजे कोणाचे तरी सव्वा कोट. दलाल तोंडाने तेवढेच सांगतात.

आता तुमची बाजू. भाड्याची पावती अजून अण्णांच्या नावावर फाटते. अण्णा जाऊन १४ वर्षं झाली रे! भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, कलम ७ (१५): भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेला घरचा माणूस भाडेकरू होतो. तू २००९ लाच बदलापूर गाठलंस, सुनील त्याच्याही आधी. तेव्हा अण्णांबरोबर राहत होती ती एकटी तुझी आई, आमच्या काकू. हक्क त्यांचा, तुम्हा भावांचा नाही. तू भाऊबंदकी मनात घेऊन बसला असशील तर ती सोड. आपसात ठरलं नाही तर कोण भाडेकरू ते कोर्ट ठरवतं, आणि कोर्टाला निकालाची घाई नसते. पावती काकूंच्या नावावर करून घे. मालकाला अर्ज, सोबत अण्णांचा मृत्यूदाखला, दोघांची नावं असलेलं जुनं रेशनकार्ड, तुम्हा तिघा भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. अर्ज हातात देऊ नकोस, स्पीड पोस्टाने पाठव आणि पोच जपून ठेव. मेहता नजराण्याचं सुचवेल. ऐकू आलं नाही असं दाखव, ते तुला जमतं. भाडं घ्यायला खळखळ केली तर मनीऑर्डर कर. ‘नाकारली’ असा शेरा येऊन परत आली तर तो कागद सोन्यासारखा सांभाळ.

खरी भीती वेगळीच आहे. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकाला खोली परत मागायची जी कारणं दिली आहेत, त्यात एक आहे: दावा लावण्याआधी सलग सहा महिने रास्त कारणाशिवाय जागा वापरात नसणं. काकू तुझ्याकडे आल्या त्याला दोन वर्षं झाली. बेस्टच्या बिलावर युनिट शून्य, नुसता स्थिर आकार. ते बिल तू ऑनलाइन भरतोस आणि वाटतं आपण शहाणे, भाडं-लाइट थकवत नाही. अरे, तो शून्यच उद्या तुझ्याविरुद्ध साक्ष देईल. ‘रास्त कारणाशिवाय’ हे शब्द आहेत तोवर वाट आहे. काकूंचे गुडघे, ऑपरेशन, चार मजले लाकडी जिना, सार्वजनिक संडास गॅलरीच्या टोकाला, ही सगळी कारणं खरीच आहेत. हॉस्पिटलचे कागद तारखेनुसार लाव. आणि शक्य असेल तर काकूंना महिनाभर इथे आणून ठेव. वर चढवायला आम्ही चौघं खुर्चीवर घेऊ. दहीहंडीला सातवा थर लावलाय, काकू काही जड नाहीत.

फेरमोजणी २० तारखेला आहे. सुटलेल्या आणि वादातल्या खोल्या तेव्हा पुन्हा बघणार. त्यानंतर यादी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाते आणि मंडळ पात्र भाडेकरू प्रमाणित करतं. तिथे एकदा नाव राहिलं की मग फेऱ्या, सुनावण्या, ‘साहेब साइटवर आहेत’. १३ जून १९९६ नंतरची नवी भाडेकरारी ते धरत नाहीत. तुमची १९६८ ची आहे, पण त्या तारखेआधीची एक तरी मूळ पावती हातात हवी. काकूंच्या ट्रंकेत, अण्णांच्या गिरणीच्या पासाबरोबर असणार.

खोली मोजताना तू स्वतः उभा राहा. मोरी धरतात. पोटमाळा नाही, गॅलरी नाही. तुमची १३८ फूट भरेल. १३८ वाल्यालाही किमान ३०० फूट, आणि कोपऱ्यातल्या २८० वाल्यालाही ३००. यावरून चाळीत काय पेटलंय ते विचारू नकोस, दोन घरांत हळदीकुंकवाचं बोलावणं बंद आहे. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं जादा क्षेत्र, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ‘चारशे पाच’. बैठकीत नेहमीचे वीर उठतात: वरळीला बीडीडीवाल्यांना ऑगस्टमध्ये ५५६ चाव्या दिल्या, प्रत्येकी ५०० फूट, मग आपल्याला का नाही? अरे बाबा, त्या चाळी सरकारच्या, त्यांचा नियम वेगळा. आपला मालक खासगी. ५०० मागा जरूर, पण ते वाटाघाटीत मागायचं असतं, कायदा म्हणून नाही. आणि ४०५ कुठले ते विचारायचं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, त्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये (घराच्या आतल्या क्षेत्रात) आतल्या भिंती धरतात, जुन्या पद्धतीत धरत नव्हते. चार इंची भिंत तीस फूट लांब म्हटली तर दहा फूट जागा भिंतीतच गेली. मी हे बोललो तर मागून कोणीतरी ‘मास्तर, तास संपला’ म्हणालं.

संमतीपत्र मागतील. सही करू नकोस, निदान एवढ्यात नको. पूर्वी ७० टक्के लागायचे, आता ५१ पुरतात, त्यामुळे एकट्याच्या सहीला पूर्वीचा भाव राहिला नाही. पण ती दिली की मागे घेता येत नाही. ‘म्हाडा कायद्याच्या ७९-अ ची नोटीस येईल, म्हाडा बाहेर काढेल’ अशी भीती घालतायत. इमारत धोकादायक ठरल्यावर त्या कलमात पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला पहिले सहा महिने मालकाला, त्याने काही केलं नाही तर पुढचे सहा महिने आपल्याच नियोजित संस्थेला. म्हणजे टांगती तलवार आधी मालकाच्या डोक्यावर. हे कुणी सांगत नाही.

खोली रिकामी करायची ती नोंदणी केलेला करार हातात आल्यावर. त्यात मजला, फ्लॅट नंबर, रंगवलेला नकाशा जोडलेला, ताब्याची मुदत महिन्यांत, दरवर्षी भाडंवाढ, ट्रकचं भाडं आणि दलाली, पुनर्वसन विंगवर कर्ज काढायचं नाही ही अट. आणि निदान २४ महिन्यांचं भाडं आधी जमा, पुढच्या तारखांच्या चेकांवर भागवायचं नाही. घोटाळा कुठे होतो माहीत आहे? पहिल्या वर्षाचे बारा चेक मुकाट वटतात. विक्रीची बुकिंगं थंडावली की दुसऱ्या वर्षी चेक परत यायला लागतात. तोवर चाळ पाडलेली असते, आपण कुठल्यातरी घाणेरड्या वन रूम किचनमध्ये, आणि भांडायला पत्ताच उरत नाही. रेराकडे धावावं तर तो विकत घेणाऱ्यांसाठी. आपल्यासारखे पुनर्वसनवाले त्यात नीट बसत नाहीत.

आणि समज, सगळं सुरळीत झालं. मग माझी खरी काळजी सुरू होते. आज तू भाडं भरतोस महिना १८७ रुपये, दुरुस्ती उपकरासकट. बावीस मजली विंगमध्ये तीन लिफ्ट, त्यातली एक अग्निशमनाची, पंप, जनरेटर, सिक्युरिटी. फुटाला ९ रुपये धर, ४०५ गुणिले ९, ३,६४५ रुपये महिना. कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीची ठेव, म्हणून तीन लाख देतायत. ७ टक्क्यांनी वर्षाचे २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. वरचे १,९०० खिशातून, आणि लिफ्टची दोरी बदलायची वेळ आली की वेगळी वर्गणी. पलीकडच्या चाळीचं असंच झालं. ताबा मिळून तीन वर्षं झाली, निम्म्या दारांवर नव्या पाट्या. पेन्शनवाले आधी गेले. एक गोष्ट बरी, ५०० फुटांपर्यंतच्या घराला महापालिकेचा मालमत्ता कर माफ आहे. म्हणून बिल्डर ‘शंभर फूट जादा विकत घ्या, स्वस्तात देतो’ म्हणाला तर ४०५ मध्ये १०० मिळवून बघ. पाच फुटांसाठी आयुष्यभर कर. मी त्याच्या माणसाला हे बोलून दाखवलं तर म्हणतो, ‘काका, तुम्ही फार निगेटिव्ह आहात.’ काका!

गल्लीत काय आहे म्हणशील तर कोपऱ्यावरची खानावळ गेली, तिथे कॉफीचं दुकान आलंय, एक कप २८० रुपये. बाहेर बाकडं मात्र आपल्या गॅलरीत होतं तसलंच, मुद्दाम जुनं दिसायला घासलेलं. मसाला कुटायचा डंका अजून आहे, पण मिरची कुटायला घेतली की समोरच्या टॉवरमधून तक्रार येते. लालबागला राहायला आलेत आणि मसाल्याचा खाट सहन होत नाही.

अण्णा १९९१ चा नियम तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आठवतं? गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, एक पालिकेच्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. संपात नोकरी गेली पण घर मिळणार, अशी त्यांची खात्री. २००१ ला दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे. शेड उभ्या होत्या ती जमीन मोकळी कुठली? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. अण्णा तेव्हा गॅलरीत पेपर घडी करून बसले होते, आणि आपण दोघं त्यांना म्हणालो होतो, एका शब्दाने काय होतंय. तेच रविवारपासून डोक्यात आहे.

तुला पळपुटा म्हणालो ते मात्र परत घेत नाही. अर्धं घेतो.

वहिनींना नमस्कार. चिन्मयीचं दहावीचं वर्ष ना? गणिताला क्लास लाव, तुझ्यावर विसंबू नकोस. सुनील दुबईहून आला की कळव, प्रतिज्ञापत्रावर त्याची सही लागेल.

१९ ला रात्रीच ये, २० ला सकाळी लोकल रखडली तर सगळं मुसळ केरात. झोपायला माझ्याकडे. तेवीसमध्ये दोन वर्षांची धूळ असेल, मी दार उघडलेलं नाही.

तुझा,
पक्या

ता. क. रेशनकार्ड मूळ आण, झेरॉक्स चालत नाही. आणि तुमच्या कुलपाला गंज चढला होता, किल्ली फिरत नव्हती. तेल सोडून ठेवलंय. आत लक्ष घातलेलं नाही.