हिरवी पट्टी लॅबमध्ये निळी होते, गटाराच्या चेंबरपर्यंत कधी पोचणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सोलापूरकडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मध्यंतरी आमच्या एमएस्सीच्या पोरांनी पॉलिअ‍ॅनिलीन, म्हणजे वीज वाहून नेणारं एक प्लॅस्टिक (पॉलिमर), बनवलं. बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये अ‍ॅनिलीन आणि अ‍ॅसिड, त्यात अमोनियम परसल्फेट थेंब थेंब सोडायचं, आधी काहीच होत नाही, मग निळसर झाक येते आणि बघता बघता सगळं गर्द हिरवं होतं. आत बुडवून ठेवलेल्या काचपट्टीवर हिरवा पातळ थर बसतो. ती पट्टी धुवून वाळवली, दोन्ही टोकांना मल्टिमीटरच्या क्लिपा लावल्या आणि शेजारी अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं, तर पट्टी हिरव्याची निळी झाली आणि रेझिस्टन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा भराभर चढला. बूच लावून पंखा सुरू केला तसा आकडा हळूहळू उतरला आणि पट्टी परत हिरवी. कुठं हीटर नाही, काही नाही, साध्या खोलीच्या तापमानाला.

एक पोरगा बराच वेळ पट्टीकडं बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम, हे आमच्या दादाच्या इथं पाहिजे. त्याचा मोठा भाऊ बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, तिथं एकदा व्हॉल्वजवळ अमोनिया लीक झाला तेव्हा डोळे चुरचुरायला लागले तीच पहिली सूचना, दुसरं काही यंत्रच नव्हतं. त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

प्लॅस्टिकमधून वीज जाते हे १९७७ साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवलं, २००० साली त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. पॉलिअ‍ॅनिलीनचं गणित सोपं आहे, अ‍ॅसिडमुळं त्याच्या साखळीवर प्रोटॉन (धन विद्युतभाराचे कण) बसलेले असतात म्हणून वीज वाहते, अमोनिया ते प्रोटॉन काढून घेतो म्हणून वीज अडते, अमोनिया गेला की प्रोटॉन परत जागेवर. बाजारातले टिन ऑक्साइडचे गॅस सेन्सर साधारण दोनशे ते चारशे डिग्रीपर्यंत तापवावे लागतात, तो हीटर सतत वीज खातो, म्हणजे माणसाच्या खिशाला लावून दिवसभर बॅटरीवर चालवायचं म्हटलं की अडचण येते. इलेक्ट्रोकेमिकल मीटर (आतल्या रासायनिक क्रियेवरून गॅस मोजणारे) न तापवता चालतात आणि चांगले आहेत, पण महाग पडतात, दोन-तीन वर्षांनी आतला सेन्सर बदलावा लागतो, मधे मधे कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवणं, करावं लागतं, आणि छोटा ठेकेदार यातलं काहीच करत नाही. पॉलिमरचा थर साध्या प्लॅस्टिकवर, अगदी कापडावरसुद्धा चढवता येतो. माझी आशा तिथं आहे.

पण मी खोटं आश्वासन देणार नाही. पॉलिअ‍ॅनिलीन हवेतली ओलसुद्धा धरून ठेवतं, त्यामुळं पावसाळ्यात आकडा फसवतो, आणि थर जुना झाला की पहिल्यासारखा वागत नाही. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसला नुसतं पॉलिअ‍ॅनिलीन नीट दाद देत नाही, त्यात तांब्याचे क्षार वगैरे मिसळावे लागतात. मिथेन आणि ऑक्सिजनसाठी तर वेगळाच सेन्सर हवा. हे सगळं ज्यांनी यावर काम केलंय त्यांना माहितीय, आणि आपल्याकडं सोलापूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत यावर वर्षानुवर्षं काम झालंय. पेपर छापून येतात, पीएचडी होतात आणि पट्टी तिथंच ड्रॉवरमध्ये राहते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एप्रिल २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडीत काय झालं ते आठवा. शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं, त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा, असे पाच जीव गेले. शेण सडून निघणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस खाली उतरतो. आमच्याकडं अजून कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढं कळतं, या विषारी गॅसचं काही कळत नाही, आणि खाली मिथेन असेल तर तोच कंदील भडका करील.

मॅनहोलचीही तीच गोष्ट. हातानं मैला साफ करायला माणूस लावू नये असा २०१३ चा कायदा आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटार साफ करताना झालेल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, चांगलंच झालं, पण माणूस आत उतरायच्या आधी गॅस मोजणारं काहीतरी झाकणापाशी असायला नको का? आज जे मीटर मिळतात ते तरी ठेकेदाराच्या टेंडरमध्ये सक्तीचे करा, कॅलिब्रेशनची तारीख बघितल्याशिवाय बिल काढू नका. पॉलिमर तयार होईपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही.

आणि विद्यापीठांना, निधी देणाऱ्यांना विनंती, की पुढच्या प्रोजेक्टमध्ये कोरड्या एसी लॅबमधल्या आकड्यांवर भागवू नका, जुलै महिन्यात बर्फ कारखान्याच्या कॉम्प्रेसर रूममध्ये, खऱ्या चेंबरच्या तोंडाशी सेन्सर महिनाभर टांगा आणि तो कितीदा खोटं बोलला तेही छापा. शेजारी ओल मोजणारा सेन्सर ठेवून दुरुस्ती करता येते का ते तिथंच कळेल.

आमची पोरं येत्या पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ रीडिंग घेणार आहेत. जवळपासचा एखादा बर्फ कारखाना, कोल्ड स्टोरेज किंवा नगरपालिका जागा द्यायला तयार असेल तर आम्ही आमच्या खर्चानं पट्ट्या घेऊन येतो, त्यांचा नेहमीचा मीटर शेजारी चालू ठेवूनच.

आपली,
एक प्राध्यापिका, सोलापूर