बाळंतविड्याआधी कार्ड पिशवीत घालावे

महोदय,

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे आणि आईच्या हातची शेकशेगडी लेकीला मिळू नये असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना या रीतीतली एक उणीव मला वर्षानुवर्षे दिसत आली. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात मुंबई-ठाण्याहून गावी येते, तिच्यासोबत डोहाळजेवणाच्या साड्या येतात, ओटीचे सामान येते. पण तपासण्यांची फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिकडच्या कपाटातच राहते.

श्रावणातल्या एका रात्री अडीचच्या सुमारास अशीच एक डोंबिवलीची सासुरवाशीण कळा देत आमच्या केंद्रात आली. आईने पिशवी नेटकी भरली होती. जुन्या सुती लुगड्याची धुऊन घडी घातलेली दुपटी, टोपडी, लंगोट, थर्मासमध्ये गरम पाणी, शिवाय काजळाची डबी (ते बाळाच्या डोळ्यांत घालू नये, हे मी त्याही रात्री सांगितलेच). रक्तगट विचारला, तर मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. जावयाला झोपेतून उठवून कार्डाचा फोटो मागवला, तेव्हा रक्तगट ओ निगेटिव्ह असल्याचे कळले. अशा आईचे बाळ पॉझिटिव्ह रक्तगटाचे निघाले, तर पुढच्या गर्भाला धोका होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. त्या बाईला ते दुसऱ्या दिवशी तालुक्याहून आणून दिले आणि सगळे सुखरूप पार पडले. परंतु त्या रात्री रक्तस्राव झाला असता, तर त्या गटाचे रक्त कोणी आणि कोठून आणायचे होते, याचा विचार त्या घरात कोणी केला नव्हता.

डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेली असते आणि नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका फार थोड्या. ३७ आठवडे भरले की केव्हाही निघावे लागेल असे धरूनच घराने तयार राहावे. आमच्याकडे पावसात पऱ्याला पाणी चढले आणि साकव बुडाला की गाडी वाडीत येत नाही, म्हणून शहाणी माणसे दिवस भरत आले की लेकीला रस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवतात. १०२ आणि १०८ हे क्रमांक आता सर्वांना पाठ आहेत. पण वाडीत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा शेजारच्या जीपवाल्याला आधी सांगून ठेवलेले बरे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर कळांची वाट पाहत बसू नये. सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी हे सारे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. तरीही खर्चाच्या धास्तीने उशिरा निघणारी घरे मी पाहिली आहेत.

आपल्या वृत्तपत्राद्वारे आरोग्य विभागाला एक विनंती आहे. शहरातील आशाताईंनी सहाव्या महिन्यातच गर्भवतीला ‘बाळंतपण कोणत्या गावी?’ असे विचारून ते कार्डावर ठळक लिहावे आणि त्या गावच्या आशाताईंना फोन करून कळवावे. गावी आलेल्या मुलीला दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या मातृत्व तपासणीला, येणाऱ्या पहिल्याच वेळी, कार्डासह नेण्याची जबाबदारी माहेरच्या आशाताईंवर सोपवावी, म्हणजे तिचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन रात्री अडीच वाजता विचारण्याची वेळ येणार नाही.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. रत्नागिरी